हाऊ बंधूंवरचा फितुरीचा आरोप

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा समोर येतो. इंग्रजी व्हिडिओंमधून तो सुरू होतो, मग त्याची मराठी रूपांतरे व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतात, आणि इतिहासाची खरीखुरी आवड असलेली मंडळीही ती पुढे पाठवतात. मजकुराचा सारांश असा: १७७६ साली अमेरिकेतल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती विल्यम हाऊ आणि तिथल्या आरमाराचा प्रमुख, त्याचा मोठा भाऊ रिचर्ड, हे दोघे मनातून अमेरिकनांच्या बाजूचे होते. सगळ्यांत थोरला भाऊ जॉर्ज अमेरिकेत लढताना मेला होता आणि मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी त्याचे स्मारक उभारले होते. त्या ऋणाची फेड म्हणून या दोघांनी वॉशिंग्टनला ब्रुकलिनमधून जाणूनबुजून निसटू दिले. सेनापती एका बाईच्या नादी लागला होताच. पुढच्या वर्षी त्याने कॅनडातून येणाऱ्या ब्रिटिश सेनापती बर्गॉइनच्या फौजेला वाऱ्यावर सोडून फिलाडेल्फिया गाठले, आणि राजघराण्याशी रक्ताचे नाते असल्यामुळे संसदेने चौकशी गुंडाळून दोघा भावांना वाचवले.

या मजकुरातले सुटे तपशील बरेचसे खरे आहेत, आणि तीच पंचाईत आहे. स्मारक खरे, नाते खरे, वॉशिंग्टनचे निसटणे खरे, बाईही खरी. खोटा आहे तो त्यांना ओवणारा दोरा. आपल्याकडे पराभवाचे कारण शोधताना ‘फितुरी’ हा शब्द फार लवकर ओठावर येतो. एकदा तो आला की वारा, भरती-ओहोटी, रसद, मेलेल्या शिपायाच्या जागी दुसरा आणायला लागणारे महिने, यांच्याकडे पाहायची गरजच उरत नाही. हाऊ बंधूंच्या बाबतीत नेमके तेच पाहायला हवे.

आधी नात्याचे बघू. हाऊ हे नॉटिंगहॅमशायरमधले जमीनदार घराणे. ‘व्हायकाउंट’ ही त्यांची पदवी आयर्लंडच्या सरदारकीतली. वडील बार्बाडोसचे गव्हर्नर होते आणि १७३५ मध्ये तिथेच वारले. आई शार्लट ही राजा पहिल्या जॉर्जच्या सावत्र बहिणीची मुलगी. ही सावत्र बहीण, सोफिया फॉन किलमान्सेग, म्हणजे राजाच्या वडिलांची अनौरस कन्या. लंडनकरांनी तिला राजाची रखेली ठरवून टाकले, आणि त्या कुचाळक्यांतून ‘हाऊ बंधू पहिल्या जॉर्जचे वंशज’ ही अफवा जन्मली. अफवा खोटी असली तरी घराण्याची दरबारात ऊठबस होती, आणि तिचा उपयोग झाला यात शंका नाही. १७५८ मध्ये थोरला मुलगा गेला तेव्हा आईने नॉटिंगहॅमच्या मतदारांना जाहीर विनंती केली, की त्याची संसदेतली रिकामी जागा अमेरिकेत लढत असलेल्या विल्यमला द्यावी. मतदारांनी ती दिली.

पण हे दोघे दरबाराने उभे केलेले बाहुले नव्हते. रिचर्ड १७४० मध्ये चौदाव्या वर्षी आरमारात शिरला. १७५५ मध्ये ‘डंकर्क’ जहाजावरून त्याने फ्रेंचांचे ‘अल्सीद’ जहाज पकडले, आणि सात वर्षांच्या युद्धातल्या समुद्रावरच्या पहिल्या तोफांमध्ये त्याच्या तोफा होत्या. १७५९ मध्ये कीबरोनच्या उपसागरात, वादळी हवेत आणि खडकाळ किनाऱ्यालगत, ‘मॅग्नॅनीम’ घेऊन तो आघाडीला होता. त्याच वर्षी १३ सप्टेंबरच्या पहाटे क्वेबेकजवळचा कडा चढून जाणाऱ्या तुकडीचे नेतृत्व विल्यमने केले. त्या वाटेनेच सेनापती वुल्फची फौज वर पोचली आणि शहर पडले. राजाचा नातलग म्हणून माणसाला हुद्दा मिळेल, पण अंधारात कडा चढायला नाते उपयोगी पडत नाही. आणि खरे सांगायचे तर नात्याचा मुद्दा आरोपाच्या उलटच जातो. ज्यांची पदवी, पेन्शने, संसदेतली जागा सगळे राजाच्या मर्जीवर उभे आहे, त्यांनी राजाचाच मुलूख घालवण्याचा कट का करावा?

आता जॉर्जचे स्मारक. हा मजकुरातला सगळ्यांत भावणारा भाग आहे, आणि मलाही तो भावतो. जॉर्ज ऑगस्टस हाऊ ६ जुलै १७५८ रोजी टिकॉन्डरोगाच्या किल्ल्याजवळच्या जंगलात फ्रेंचांशी झालेल्या चकमकीत गोळी लागून पडला. वय तेहतिसाच्या आसपास. युरोपातल्या मैदानी लढायांची शिस्त अमेरिकेच्या जंगलात चालत नाही हे त्याने ओळखले होते. त्याने शिपायांचे केस कापायला लावले, कोटांचे लांब घोळ छाटले, अधिकाऱ्यांचे सामानसुमान कमी केले, आणि स्वतःचे कपडे स्वतः धुतले. वसाहतींतल्या सैनिकांना ब्रिटिश अधिकारी सहसा हलके लेखत. जॉर्ज त्यांच्याकडून शिकत होता. तो गेल्यावर दोनच दिवसांनी सेनापती ॲबरक्रॉम्बीने किल्ल्यावर समोरून हल्ला चढवला आणि सुमारे दोन हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने १७५९ मध्ये २५० पौंड मंजूर केले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जॉर्जचे स्मारक उभे राहिले.

पण वर्ष पाहा. १७५९ मध्ये मॅसॅच्युसेट्स हा ब्रिटिश राजाचा निष्ठावंत प्रांत होता. तिथली माणसे राजाच्या शत्रूशी, फ्रान्सशी, राजाच्या झेंड्याखाली लढत होती. स्मारक उभारले ते राजाच्या एका प्रजाजनाने दुसऱ्यासाठी. हाऊ घराण्याला अमेरिकनांविषयी जी आपुलकी वाटत आली ती या नात्यातली होती, एकाच घरातल्या माणसांची. घर फुटू नये ही त्यांची इच्छा. घर सोडून जाणाऱ्याचे सामान बांधून द्यावे अशी नव्हे.

माझ्या मते सगळा गोंधळ इथेच होतो. ‘अमेरिकेविषयी सहानुभूती’ आणि ‘अमेरिकेच्या स्वातंत्र्याविषयी सहानुभूती’ या दोन गोष्टी आज आपल्याला एकच वाटतात, कारण पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. १७७४ मध्ये त्या एक नव्हत्या. तेव्हा खुद्द बेंजामिन फ्रँकलिन साम्राज्य अखंड राहावे म्हणून लंडनमध्ये धडपडत होता. त्या डिसेंबरात हाऊ बंधूंची बहीण कॅरोलिन त्याला बुद्धिबळाच्या निमित्ताने घरी बोलवत असे, आणि पटाच्या आडून रिचर्डशी त्याच्या समेटाच्या बोलण्यांना सुरुवात झाली. ती नाताळच्या दिवशीही झाली. फळ काही आले नाही. पुढे जुलै १७७६ मध्ये फ्रँकलिनने रिचर्डला पत्र लिहिले, त्यात ब्रिटिश साम्राज्याला चिनी मातीच्या सुंदर भांड्याची उपमा आहे: ते फुटू नये म्हणून मी फार काळ झटलो, पण एकदा फुटल्यावर तुकड्यांना त्यांच्या वाट्याचेही मोल उरत नाही. दोघांनाही भांडे प्रिय होते. फ्रँकलिनला ते फुटल्याचे कळले होते. रिचर्डला ते अजून सांधता येईल असे वाटत होते.

विल्यमच्या शब्दाचेही तसेच. १७७४ च्या निवडणुकीत त्याने नॉटिंगहॅमच्या मतदारांना सांगितले होते की अमेरिकनांविरुद्ध लढायची जबाबदारी आली तर मी ती घेणार नाही. काही महिन्यांत तो निघाला. एका मतदाराने जाब विचारला तेव्हा त्याने उत्तर दिले, की मला हुकूम झाला, आणि देश अडचणीत असताना मागे सरल्याचा कलंक घेतल्याशिवाय तो नाकारता येत नव्हता. हे उत्तर कोणाला दुबळे वाटेल. त्याने दिलेला शब्द मोडला, हा ठपका रास्तच आहे. पण शब्द मोडला तो मतदारांना दिलेला, राजाला दिलेला नव्हे.

मग रिचर्डचे ते प्रसिद्ध वाक्य. ११ सप्टेंबर १७७६ रोजी स्टॅटन आयलंडवर त्याची फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि एडवर्ड रटलेज यांच्याशी भेट झाली. जॉन ॲडम्सने लिहून ठेवले आहे, की रिचर्डने भावाच्या स्मारकाची आठवण काढली आणि अमेरिका पडली तर भाऊ गेल्यासारखे दुःख होईल असे म्हटले. फ्रँकलिन लवून म्हणाला, महाराज, तुम्हाला ते दुःख होऊ नये याची आम्ही पराकाष्ठा करू. हा प्रसंग मजकुरात पुरावा म्हणून येतो. त्याच भेटीत आणखी काय झाले हे मात्र येत नाही. रिचर्डला लंडनहून मिळालेले अधिकार इतके तुटपुंजे होते, की वसाहतींनी आधी शस्त्रे ठेवावीत, काँग्रेस ही आपल्या प्रतिनिधींची सभा विसर्जित करावी, मग माफी मिळेल, याहून जास्त काही तो देऊ शकत नव्हता. या तिघांना काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून मान्य करण्याचीही त्याला मुभा नव्हती. त्याने ते सांगितल्यावर ॲडम्स म्हणाला, मला काहीही समजा, फक्त ब्रिटिश प्रजाजन समजू नका. भेट संपली. त्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, याच रिचर्डच्या पाच युद्धनौकांनी मॅनहॅटनच्या किप्स बे किनाऱ्यावर तासभर तोफा डागल्या. कनेक्टिकटचे शिपाई खंदक टाकून पळाले आणि विल्यमची फौज किनाऱ्यावर उतरली. न्यूयॉर्क शहर त्याच दिवशी ब्रिटिशांच्या हाती आले.

आता आरोपाचा कणा असलेले ब्रुकलिन. इथे जरा थांबावे लागेल.

१७७६ च्या ऑगस्टपर्यंत स्टॅटन आयलंडवर जर्मन भाडोत्री पलटणींसह सुमारे ३२,००० सैन्य जमले होते. २७ ऑगस्टला लाँग आयलंडवर लढाई झाली, आणि ती विल्यमने अगदी सुरेख जिंकली. त्याच्या हाताखालचा सेनापती हेन्री क्लिंटन याने सुचवलेल्या बेतानुसार सुमारे दहा हजार माणसे रात्रीतून कूच करून जमैका खिंडीतून अमेरिकनांच्या पाठीमागे पोचली; त्या खिंडीवर पाच घोडेस्वारांची चौकी होती. या रात्रीच्या कूचमध्ये कॉर्नवॉलिसही होता. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर-जनरल होऊन आपल्याकडे आला आणि १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याला येऊन मिळाल्या. दुपारपर्यंत अमेरिकनांची बाहेरची फळी मोडली, सुमारे हजार माणसे कैद झाली, आणि उरलेली ब्रुकलिनच्या तटबंदीत शिरली. पाठीशी ईस्ट नदी. ब्रिटिश ग्रेनेडियर तसेच तटावर धावून जायला उतावीळ झाले होते. विल्यमने त्यांना मागे बोलावले आणि मोर्चे लावून, खंदक खणत पुढे सरकायचे ठरवले. दोन रात्रींनी वॉशिंग्टन सगळी फौज घेऊन नदीपलीकडे निघून गेला.

हातातोंडाशी आलेला घास असा का सोडला? विल्यमने स्वतः दिलेले कारण नोंदलेले आहे: तट मोर्चे लावून स्वस्तात पडणार होता, मग हल्ल्यात माणसे का गमवावीत, आणि या फौजेचे मोठे नुकसान झाले तर ते लवकर भरून निघणार नाही. हे कारण मागाहून रचलेले आहे असे म्हणणाऱ्याने बंकर हिल पाहावी.

१७ जून १७७५. बॉस्टनसमोरच्या टेकडीवर एका रात्रीत उभारलेला मातीचा तट, मागे शेतकरी-शिपाई. हल्ल्याचे नेतृत्व विल्यमकडे होते, आणि तो स्वतः पायी चालत पुढे होता. मिस्टिक नदीच्या पुळणीवरून गेलेल्या हलक्या पलटणी जवळून झालेल्या बंदुकांच्या माऱ्यात कापल्या गेल्या. दोन वेळा रांगा मागे आल्या. तिसऱ्या वेळी टेकडी मिळाली, कारण वरच्यांची बंदुकीची दारू संपली. ब्रिटिशांची १,०५४ माणसे पडली, त्यांतली २२६ जागीच ठार. विल्यमच्या अवतीभवतीचे सगळे सहायक मेले किंवा जखमी झाले. काही क्षण तो उतारावर जवळजवळ एकटा उभा होता. त्यानंतर त्याने लिहिले, की इतक्या शूर अधिकाऱ्यांचा बळी आठवला की अंगावर काटा येतो, हे यश फार महाग पडले. त्यानंतर चौदाच महिन्यांनी हाच माणूस ब्रुकलिनच्या तटासमोर उभा होता. तो तट एका रात्रीत नव्हे, कित्येक महिने खपून बांधलेला होता. वॉलाबाउटच्या खाडीपासून गोवानसच्या दलदलीपर्यंत बुरूज, खंदक आणि तोफा, आत नऊ हजारांवर माणसे. मेलेल्या शिपायाची जागा भरायची तर जर्मन संस्थानिकाशी करार, मग जहाज, मग अटलांटिक. त्याच्या जागी मी असतो तर हल्ला केला असता का, हे मला सांगता येणार नाही. पण त्याने तो का केला नाही हे समजायला फितुरीची गरज पडत नाही.

राहिला रिचर्ड. नदी आरमाराने का अडवली नाही? त्या दिवसांत वारा ईशान्येचा होता, मुसळधार पाऊस होता, आणि मोठी शिडाची जहाजे वाऱ्याच्या तोंडावर अरुंद नदीत चढू शकत नव्हती. २७ तारखेला प्रयत्न झाला. एकटे ‘रोबक’ थोडेफार पुढे जाऊन रेड हुकच्या तोफांशी झुंजू शकले. अमेरिकनांनी पात्रात जुनी गलबते बुडवून वाट अडवलेली होती ते वेगळेच. छोट्या होड्यांची रात्रीची गस्त ठेवायला हवी होती, ही टीका मात्र मला पटते. ती गाफिली होती.

आणि या मजकुराचा मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. कारण ‘मुद्दाम निसटू दिले’ म्हटले की निसटणाऱ्यांचे कर्तृत्व पुसले जाते. २९ ऑगस्टच्या रात्री होड्या वल्हवल्या त्या मॅसॅच्युसेट्सच्या मार्बलहेड गावच्या कोळ्यांनी. जॉन ग्लोव्हरची ती पलटण. तिच्यात गोरे होते, काळे होते, सगळे समुद्रावर वाढलेले. सुमारे मैलभर रुंद पात्र, उलटा प्रवाह, आणि पलीकडे नेऊन परत यायच्या खेपांवर खेपा. चाकांना चिंध्या बांधल्या, बोलायची बंदी केली, तळावरच्या शेकोट्या पेटत्या ठेवल्या. रात्री उशिरा वारा फिरला तेव्हा शिडे उभारता आली. पहाट झाली तरी काही माणसे अजून अलीकडेच होती, आणि तेवढ्यात दाट धुके उतरले. वॉशिंग्टन शेवटच्यांपैकी एका होडीत चढला. चिखलात रुतलेल्या काही जड तोफा सोडल्या तर नऊ हजार माणसे, घोडे, सामान, सगळे पलीकडे गेले. वारा आणि धुके यांचे श्रेय कोणाला देता येत नाही. वल्ह्यांचे देता येते.

मऊ मनाच्या विल्यमची गोष्ट सांगणाऱ्यांनी पुढचे तीन महिनेही वाचावेत. २२ सप्टेंबर १७७६ रोजी नेथन हेल या एकवीस वर्षांच्या अमेरिकन हेराला विल्यमच्या हुकमाने, खटला न चालवता, फाशी दिले. १६ नोव्हेंबरला फोर्ट वॉशिंग्टनवर त्याने अनेक बाजूंनी हल्ला चढवला. २,८०० हून अधिक अमेरिकन कैद झाले. वॉशिंग्टनच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सर्वांत जिव्हारी लागलेल्या दिवसांपैकी एक. तो हल्ला विल्यमने टाळला नाही, कारण तिथे तो माफक किमतीत होणारा होता. चारच दिवसांनी कॉर्नवॉलिसने फोर्ट ली घेतला आणि वॉशिंग्टनचे उरलेसुरले लोक न्यू जर्सीतून पळत सुटले. ३० नोव्हेंबरला भावांनी माफीचा जाहीरनामा काढला: साठ दिवसांत निष्ठेची शपथ घ्या. हजारोंनी घेतली. आधी मार, मग माफी, असे हे धोरण होते आणि भावांची आपुलकी त्यात पुरेपूर उतरली होती. ते फसले, कारण शपथ घेतलेल्यांचीही घरे शिपायांनी लुटली, आणि २६ डिसेंबरला ट्रेंटनला वॉशिंग्टनने उलट तडाखा दिला.

बाईविषयी थोडक्यात. एलिझाबेथ लोरिंग विल्यमची प्रेयसी होती, हे त्या काळी सगळ्यांना माहीत होते आणि त्यावर विडंबनगीतेही झाली. पण तिच्यामुळे कुठली लढाई थांबली हे कोणी दाखवू शकलेले नाही. किप्स बे नंतर मिसेस मरे नावाच्या गृहिणीने केक आणि मद्य पुढे करून सेनापतीला अडकवून ठेवले आणि तेवढ्यात अमेरिकन सेनापती पुटनमची तुकडी निसटली, ही दंतकथाही याच माळेतली. त्या दिवशी विल्यम दुसऱ्या खेपेच्या पलटणी उतरायची वाट पाहत होता आणि तसे आधीच ठरलेले होते. या प्रेमप्रकरणाची खरी काळी बाजू वेगळी आहे, आणि मजकुरात ती कधीच नसते. एलिझाबेथचा नवरा जोशुआ लोरिंग हा कैद्यांचा अधिकारी नेमला गेला. फोर्ट वॉशिंग्टनला धरलेली माणसे न्यूयॉर्कच्या साखरेच्या गोदामांत आणि चर्चमध्ये कोंबली होती. त्या हिवाळ्यात भूक, थंडी आणि तापाने ती मोठ्या संख्येने मेली, आणि कैद्यांच्या शिध्यातले पैसे खाल्ल्याचा आरोप लोरिंगवर झाला. अमेरिकनांवर जीव असलेल्या सेनापतीच्या शहरात हे घडत होते.

१७७७ मधली फिलाडेल्फियाची मोहीम हा आरोपातला एकच मुद्दा असा आहे, जिथे विल्यमला दोषमुक्त करायची माझी तयारी नाही. बर्गॉइन कॅनडातून हडसनच्या खोऱ्यात उतरतो आहे हे त्याला माहीत होते. तरी २३ जुलैला तो सुमारे पंधरा हजारांवर फौज जहाजांवर चढवून न्यूयॉर्कहून निघाला, चेसापीकच्या खाडीतून वर जाऊन २५ ऑगस्टला उतरला. महिनाभराच्या उन्हाळी प्रवासात घोडे मेले किंवा निकामी झाले. ११ सप्टेंबरला ब्रँडीवाइनला त्याने वॉशिंग्टनला पुन्हा, लाँग आयलंडसारख्याच बगलेवरच्या कूचने, हरवले. २६ तारखेला फिलाडेल्फिया घेतले. १७ ऑक्टोबरला साराटोगाला बर्गॉइनची सगळी फौज शरण गेली, आणि फ्रान्स युद्धात उतरायला मोकळा झाला.

ही चूक होती, आणि मोठी होती. पण कट म्हणायचा तर त्यात लंडनचा मंत्री लॉर्ड जर्मेनलाही घ्यावे लागेल. विल्यमने आपला बेत त्याला आधी कळवला होता आणि जर्मेनने तो मंजूर केला होता. बर्गॉइनच्या सूचनांची नक्कल विल्यमला मिळाली, पण त्याला भेटायला हडसनवर जा असा सरळ हुकूम कधीच गेला नाही. आपले काम आटोपून कॅनडाच्या फौजेला मदत करता येईल अशी आशा व्यक्त करणारे जर्मेनचे मेमधले पत्र विल्यमच्या हाती पडले ते १६ ऑगस्टला, म्हणजे तो चेसापीकमध्ये असताना. विल्यमने १५,००० जादा माणसे मागितली होती; मिळाली ती त्याचा लहानसा वाटा. दोन फौजा, दोन बेत, मध्ये महासागर, आणि दोन्ही बेतांना होकार देणारा एक मंत्री. ऑक्टोबरमध्ये विल्यमने आपला राजीनामा पाठवला. शत्रूला आतून मदत करणारा माणूस असा हुद्दा आपणहून सोडत नाही.

चौकशीचे तर मजकूर उलटेच सांगतो. १७७९ च्या वसंतातली संसदेतली चौकशी हाऊ बंधूंनीच मागितली होती. सरकारला ती नको होती. विल्यमने आपली बाजू मांडली, कॉर्नवॉलिसची आणि इतर अधिकाऱ्यांची साक्ष झाली. उत्तरादाखल जर्मेनच्या बाजूने फिलाडेल्फियाचा राजनिष्ठ वकील गॅलोवे उभा राहिला आणि त्याने विल्यमवर कडक टीका केली. जूनअखेर निर्णय न देताच ते सारे विरून गेले. निकाल लागला असता तर अर्धा दोष मंत्र्याच्या पदरात पडला असता, आणि ते कोणालाच परवडणारे नव्हते. चौकशीतून भाऊ सुटले खरे, पण त्यांची अब्रू तिथे धुऊन निघाली नाही, म्हणूनच अडीचशे वर्षे हा आरोप जिवंत आहे.

रिचर्डवरच्या आरोपाचे उत्तर मात्र जुलै १७७८ मध्येच मिळालेले आहे. फ्रान्स युद्धात उतरला होता. रिचर्डला पद सोडायची परवानगी मिळालेली होती. तो नुकताच फिलाडेल्फियाहून परतलेल्या क्लिंटनच्या फौजेला सँडी हुक या बंदराच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून न्यूयॉर्कला पोचवून मोकळा झाला होता. ११ जुलैला फ्रेंच दर्यासारंग देस्तँ १२ मोठ्या युद्धनौका घेऊन बंदराच्या तोंडाशी आला. रिचर्डकडे ६४ तोफांच्या ६ आणि ५० तोफांच्या ३ नौका होत्या, बाकी हलकी जहाजे. न्यूयॉर्क, त्यातली फौज, सगळे एका वाळूच्या दांड्यावर आणि या नऊ नौकांवर अवलंबून होते. अमेरिकेला जिंकू द्यायचेच असते तर त्याने फक्त बाजूला व्हायचे होते.

त्याने नौका वाटेत आडव्या नांगरल्या, नांगराच्या दोरांना दुसरे दोर जोडून हवी तेव्हा तोफांची बाजू फिरवता येईल अशी सोय केली, आणि सँडी हुकच्या टोकावर तोफा चढवल्या. मालवाहू गलबतांवरचे हजारभर खलाशी आपणहून युद्धनौकांवर आले. २२ जुलैला उधाणाची भरती होती, वाराही आत यायला अनुकूल होता. फ्रेंचांनी शिडे उभारली, काही वेळ बंदराच्या तोंडाशी घुटमळले, आणि मग दक्षिणेकडे वळून दिसेनासे झाले. रिचर्डच्या मदतीला निघालेले ब्रिटिश दर्यासारंग बायरनचे आरमार तेव्हा वादळाने विखुरलेले, अजून अटलांटिकमध्येच होते.